मुरडीच्या करंज्या

करंजीची कड दोन तऱ्हांनी मिटवतात. कातणं फिरवलं की काम झालं. भराभर होतात आणि कडेला नक्षीही छान येते. दुसरी तऱ्हा मुरडीची. पुरीच्या कडेवरून दुधाचं बोट फिरवायचं, सारण भरून पुरी दुमडायची, कड चिमटीत दाबून पातळ करायची आणि मग एका टोकापासून अंगठ्याने ती आत वळवत वळवत दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. दोरीला पीळ पडावा तशी कड दिसते. एक पीळ सैल राहिला तर करंजी तेलात फुटते, सारण जळून काळं होतं आणि पुढचा सगळा घाणा कडवट लागतो. माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. त्यांची मुरड तेलात सुटलेली मी अजून पाहिली नाही.

आमच्या घरी नाताळच्या करंज्या चोवीस तारखेला दुपारी होतात. चकल्या, शेव, शंकरपाळ्या, रव्याचे लाडू त्याआधी तीन-चार दिवस. करंज्या बहुतेक कातण्याच्याच, शेवटच्या सात-आठ तेवढ्या मुरडीच्या, आणि त्या वेगळ्या डब्यात जातात. त्या घरी नसलेल्यांच्या. नणंद मुंबईत नर्स आहे, तिला नाताळला सुट्टी मिळेलच असं नसतं. दीर सुरतेला. गौरींची पाठवणी करताना मुरडीचे कानवले करतात, पाहुणी मुरडून परत यावी म्हणून, तीच रीत. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी बाप्तिस्मा घेतला, त्यात आमच्या सासरचीही होती. गौरी घरातून गेल्या, मुरड मात्र बायकांच्या बोटांत राहिली.

हे आज कौतुकाने लिहितेय, पण अकरा वर्षांपूर्वी मी चर्चच्या तरुण संघाचं काम हाती घेतलं तेव्हा माझं मत वेगळं होतं. एका शनिवारच्या बैठकीत ‘जुन्या चालीरीतींतून मोकळे होऊ या’ या विषयावर बोलताना मी याच करंज्यांचं उदाहरण दिलं. नाव घेतलं नव्हतं, पण आमची मंडळी, म्हणजे चर्चमधली कुटुंबं, थोडी आहे, बोललेलं घरी पोचलं. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या वर्षी त्यांनी सगळ्या करंज्या कातण्याने केल्या. त्याची लाज मला अजून वाटते.

माझं काम काय, ते थोडं सांगते. आम्ही पाथर्डीकडचे. चर्चमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी कुटुंबं. मी तेरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींबरोबर असते: शनिवारची बैठक, रविवारी उपासनेनंतर बायबल अभ्यास, मे महिन्यातलं शिबिर, आणि डिसेंबरात सगळंच. आगमनकाळाचे चार रविवार, भजनफेऱ्या, नाटकाच्या तालमी, चांदण्या बांधणं, चोवीसच्या रात्रीचा कार्यक्रम, पंचवीसची उपासना, एकतीसची वॉचनाईट. मानधन थोडं आहे. नवरा एसटीत मेकॅनिक आहे आणि सणासुदीला जादा गाड्या सुटतात, म्हणून नाताळात त्याचीही ड्यूटी ठरलेली. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं चोवीसला संध्याकाळी एकत्र घरात बसलोय असं दोनदाच झालं असेल.

आमच्या भागातला नाताळ समजायचा तर ऊसतोड समजायला हवी. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फेडायला चार-पाच महिने उसाच्या फडात. कोणी राहुरी, श्रीरामपूरकडे, कोणी कोल्हापूर-सांगलीला, कोणी थेट कर्नाटकात. आमच्या मंडळीतली तिसरा हिस्सा घरं नोव्हेंबरात कुलूपबंद होतात आणि मार्च-एप्रिलला उघडतात. म्हणजे नाताळ कुलपातच जातो. लहान पोरं आईबापांबरोबर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, जातात. शाळेतली मागे राहतात, आजीकडे, चुलत्याकडे, वसतिगृहात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी सरकारने २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. तिथे सोय झालेली मुलं मला माहीत आहेत, न झालेलीही माहीत आहेत. आणि काही मुलं कुणाकडेच नसतात. शेजारी लक्ष ठेवतात एवढंच.

मला हे सगळं पाठ होतं. उपासनेत ‘फडावर असलेल्या आपल्या बंधुभगिनींसाठी’ मी दर आठवड्याला प्रार्थना करत होते. तरी २०२२ च्या नाताळात मला दिसलं नाही.

त्या वर्षी नाटक जोरात झालं. मधली दोन वर्षं करोनात गेली होती, म्हणून मुलांना फार हौस. मेंढपाळांना खरी घोंगडी मिळाली, गव्हाणीत खरा कडबा टाकला, देवदूतांना पुठ्ठ्याचे पंख करून त्यावर चंदेरी कागद चिकटवला. मंडळीतल्या मोठ्या माणसांनीही माझं कौतुक केलं. रात्री अकराच्या पुढे सगळे पांगले. मी खुर्च्या लावल्या, माइक आत ठेवले आणि हॉलला कुलूप घालायला गेले, तर स्टेजच्या मागे कुणीतरी हललं.

तिसरा मेंढपाळ होता. आठवीतला मुलगा. अंगाखाली नाटकातलं घोंगडं, आणि शेजारी त्याची सहा वर्षांची बहीण झोपलेली, पंख पाठीला तसेच बांधलेले. एका बाजूचा पंख दुमडून तिच्या गालाखाली आला होता. मी विचारलं, काय रे, घरी नाही गेला?

“सकाळी उपासनेला इथंच यायचंय ना ताई,” तो म्हणाला.

आईबाप फडावर, आजी दोन महिन्यांपूर्वी वारलेली. चुलता रात्री दारावर येऊन हाक मारून जायचा. घरात लाइट तोडलेली. बहिणीला अंधाराची भीती वाटते आणि हॉलमध्ये चांदणीचा बल्ब रात्रभर सुरू असतो, हे त्याने तालमीच्या दिवसांत हेरून ठेवलं होतं. कार्यक्रमानंतर वाटलेल्या खाऊच्या पुडीतला लाडू त्याने खाल्ला नव्हता, खिशात होता. बहिणीला सकाळी द्यायला.

तीन आठवडे तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर उभा होता. पहिल्या मेंढपाळाला सहा वाक्यं होती, दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला एकही नव्हतं, म्हणून त्याला कधी थांबवून घेतलं नाही, कधी काही विचारलं नाही. तो वेळेवर यायचा, काठी घेऊन उभा राहायचा आणि जायचा. अशा मुलाला आम्ही काम करणारे ‘शहाणा मुलगा’ म्हणतो.

मी दोघांना घरी आणलं. सासूबाई जाग्याच होत्या. काही विचारलं नाही, स्टोव्ह पेटवून पिठलं टाकलं, दुपारच्या भाकरी गरम केल्या. मुलगी अर्धवट झोपेत जेवली. मुलगा जेवता जेवता रडायला लागला, आवाज न करता, घास थांबवला नाही. मग सासूबाई आतल्या खोलीत गेल्या आणि फडताळातून डबा घेऊन आल्या. मुरडीच्या करंज्यांचा. त्यांनी त्या पुन्हा कधी करायला घेतल्या ते मला माहीतच नव्हतं. त्या वर्षांत मी चोवीसच्या दुपारी घरात असायचेच कुठे! एक करंजी त्याच्या ताटात ठेवून त्या म्हणाल्या, “ही तुझी. दोन तुझ्या आईबापाच्या, त्या ठेवून देते. आले की घेऊन जातील.”

झोपायला जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, “मंडळीत कुठली घरं बंद आहेत त्याची यादी दे मला उद्या.”

पुढच्या वर्षापासून चोवीसची रीत बदलली. कार्यक्रम आम्ही साडेआठला संपवतो. नाटक लहान केलं, काही वर्षी नाटक नाहीच, नुसती भजनं आणि वाचनं. यावर कमिटीत नाराजी झाली. इतक्या वर्षांचा मोठा कार्यक्रम, आसपासच्या गावांतून माणसं यायची, ते का मोडायचं, असा प्रश्न आला आणि तो रास्तच होता. मी यादी वाचून दाखवली. बंद घरं आणि मागे राहिलेली मुलं. नावं वाचून झाल्यावर कुणी फारसं बोललं नाही, पण सगळ्यांना पटलं असंही नाही. एक वडीलजन अजून माझ्याशी त्या विषयावर बोलायचं टाळतात.

कार्यक्रमानंतर ज्यांचं घर बंद आहे ती मुलं आमच्या घरी येतात. २०२३ ला नऊ होती, २०२४ ला चौदा. दोन खोल्या आणि पडवी. मुली आत, मुलं पडवीत, पांघरुणं मंडळीतून गोळा केलेली. जेवायला बाजरीची भाकरी, आमटी, भात, पंचवीसला मटण. दुपारीच येतात त्यांना करंज्यांवर बसवतात. मुरड घालायला शिकवणं हे सासूबाईंकडे. प्रत्येकाने आपल्या आईची एक आणि बापाची एक करायची. मुलगे आधी लाजतात. मग सुरू झाले की थांबत नाहीत.

पहिल्या वर्षी जेवण झाल्यावर मी मुलांना म्हटलं, कुणीतरी भजन सांगा. मला वाटलं, मोबाइलवरची हिंदी गाणी येतील. आमच्या तरुण संघाला कीबोर्ड आणि गिटारच हवी असते, आणि मी त्यावर वाद घालत नाही. तर त्या तिसऱ्या मेंढपाळाने ना. वा. टिळकांचं भजन धरलं. सगळी कडवी, पुस्तक न बघता. विचारलं तर म्हणाला, आई फडात म्हणते. त्याच्या आईला वाचता येत नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं तेव्हा इंग्रजी चालीवर भाषांतरित गीतं म्हणायची पद्धत पडली. पुढे कृष्णराव सांगळ्यांसारख्या नगरकरांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली, आणि टिळकांनी अभंगाच्या वळणाची भजनं लिहिली. अभ्यास शिबिरात मी हा इतिहास दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. पाचट सोलता सोलता ती ओळ पुढे जाते आणि तिथून पोराच्या तोंडात बसते, हे मला फळ्यावर कधी सुचलं नव्हतं.

आता माझ्या मुलीबद्दल. ते लिहिल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल.

ती तेव्हा दहाची. आमच्या घरची एक लहानशी रीत होती. चोवीसला कितीही उशीर होवो, मी घरी आले की तिला झोपेतून उठवायचं, ओट्यावर मेणबत्ती लावायची, लूकच्या शुभवर्तमानातला ख्रिस्तजन्माचा भाग वाचायचा आणि दोघींनी मिळून घरची चांदणी पेटवायची. ती चांदणी आम्हीच बांधतो. बांबूच्या कामट्या, मैद्याची खळ, पतंगाचा लाल-पिवळा कागद. पहिल्यांदा मुलं आली त्या वर्षी मी तिला उठवलंच नाही. नऊ मुलांची अंथरुणं घालता घालता विसरले. सकाळी ती उठली तर चांदणी पेटलेली होती. एका मुलाने सहज बटण दाबलं होतं.

दोन दिवस ती गप्प होती. मग म्हणाली, “त्यांच्या मम्मी ऊस तोडायला गेल्यात. तू तर इथंच आहेस ना?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. सेवा, समर्पण हे शब्द मी व्यासपीठावरून अनेकदा वापरलेत. त्यातला एकही मला त्या वेळी तिच्यासमोर काढता येईना. माझे वडील पाळक होते. आम्ही भावंडं नाताळच्या सकाळी त्यांना फक्त वेदीजवळ बघायचो. त्यांनी दहा गावांच्या मंडळ्या सांभाळल्या, लोक अजून त्यांचं नाव काढतात, आणि मला त्यांच्याबरोबर करंजी खाल्ल्याची एकही आठवण नाही. म्हणून मुलीचा प्रश्न मला नवा नव्हता. तो माझाच होता, मी वडिलांना न विचारलेला.

नवऱ्याने सुचवलं की सहा जानेवारी आपली ठेवू. पूर्वेकडचे मागी बाळाला भेटायला आले तो सण. आमच्याकडे त्या दिवशी मोठी उपासना नसते, एसटीची गर्दीही ओसरलेली असते. त्या संध्याकाळी आम्ही चौघंच: सासूबाई, आम्ही दोघं, मुलगी. फोन कपाटात. चांदणी सहा तारखेपर्यंत उतरवत नाही, आणि त्या दिवशी मेणबत्ती लावून तोच भाग वाचतो. मुलीला ते आवडतं. पण चोवीसच्या रात्रीची जागा त्याने भरली, असं ती म्हणत नाही आणि मीही तिच्याकडून म्हणवून घेत नाही. २०२४ च्या चोवीसला रात्री बारा वाजता मी तिला उठवलं, घरात चौदा मुलं झोपलेली असताना. आम्ही दोघी पडवीतून पाय जपत बाहेर गेलो, मेणबत्ती लावली. वाचलं नाही, कुणी उठू नये म्हणून. ती माझ्या शालीत शिरून बसली. थंडी खूप होती.

सव्वीसला आम्ही फडावर गेलो. मंडळीतल्या एकाची जीप, मागे सात मुलं, पुढे मुलगी माझ्या मांडीवर, तिच्या मांडीवर डबे. पाथर्डीहून नगर, नगरहून राहुरीच्या पुढे. आमच्या माळावरून निघून प्रवरेच्या कालव्यांच्या मुलखात शिरलं की दोन्ही बाजूंना हिरवं सुरू होतं, ते संपतच नाही. ते पाणी, तो ऊस आणि तो तोडणारी आमची माणसं.

कोप्यांवर कुणी नव्हतं, एक म्हातारी आणि तीन-चार लहान पोरं. सगळे फडात. आम्ही बांधाने गेलो. तिसरा मेंढपाळ तोवर दहावीला गेला होता, उंच झाला होता. त्याने लांबूनच आईला ओळखलं, पाठमोरी असताना. ती वाकून मोळी बांधत होती. वळली, बघितलं, आणि आधी डोक्यावरचा पदर सारखा केला. पोराच्या तोंडावरून हात फिरवायला गेली आणि थांबली, कारण हाताला चिकटा होता. तो हात तिने लुगड्याला पुसला, दोनदा, मग फिरवला. धाकटी तोवर बापाच्या कमरेला बिलगली होती.

बांधावर डबा उघडला. ती माउली करंजी उलटी-सुलटी करून बघत राहिली. “मुरड कुणी घातली?” मुलाने मान खाली घातली. एका टोकाला पीळ सुटलेला होता, सारण थोडं जळालेलं. तिने तिथूनच खायला सुरुवात केली. माझ्या मुलीने मला हळूच विचारलं, फुटलेली का घेतली तिने, बाकीच्या चांगल्या होत्या की. मी म्हटलं, बघ तू.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली होती. त्याबद्दल मी त्याच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, उचल आहे तोवर कागदावरच आहे बाई आम्हाला. आणि विषय बदलून दहावीच्या परीक्षेची तारीख विचारली.

आम्ही तीन भजनं बसवून नेली होती. ढोलकी जीपमधून काढली, मुलं बांधावर ओळीने उभी राहिली आणि पहिलं कडवं संपायच्या आत ट्रॅक्टर आला. मुकादमाने लांबून हाक दिली. गाडी लागली की थांबत नाही. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायच्या, आणि भरेपर्यंत हात थांबवायचा नाही. आईने उरलेली अर्धी करंजी पदरात बांधली आणि उठली. बापाने चुंबळ डोक्यावर ठेवली.

मुलगा उभाच होता. त्याच्या अंगात नवा शर्ट होता, मंडळीने नाताळला दिलेला, आकाशी रंगाचा, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. तो मोळीकडे निघाला तशी आई ओरडली, “आरं, नवा हाय त्यो!”

त्याने शर्ट काढला, नीट घडी घातली, माझ्या मुलीच्या हातात दिला आणि बनियनवर मोळी उचलली. माझी मुलगी बांधावर बसून राहिली, ट्रॉली भरेपर्यंत, दोन्ही हातांनी तो शर्ट धरून, खाली मातीला लागू न देता.